आधी ठरवा, मग उडी मारा

नव्वदच्या दशकात महाराष्ट्रातल्या घराघरांत टीव्हीला जोडायचे जे स्वस्त व्हिडिओ गेम आले, ते बहुतेक निन्टेन्डोच्या फॅमिकॉम या जपानी यंत्राच्या नकला होते. त्यांच्या कॅसेटमध्ये दोन खेळ हटकून सापडत: मारिओ आणि कॉन्ट्रा. एका अख्ख्या पिढीचा हात या दोन खेळांवर बसला. ती माणसं आता जुने गेम हौसेने पुन्हा खेळायला घेतात, मुलांनाही दाखवतात, आणि कधी तरी कोनामी कंपनीच्या ‘कॅसलव्हेनिया’पाशी येऊन अडकतात. सप्टेंबर १९८६मध्ये हा खेळ जपानमध्ये फॅमिकॉमच्या डिस्क सिस्टिमसाठी आला, पुढच्या वर्षी अमेरिकेत कॅसेटवर निघाला. आज तो मिळवायला खटपट करावी लागत नाही. कोनामीने २०१९मध्ये काढलेल्या कॅसलव्हेनिया अॅनिव्हर्सरी कलेक्शनमध्ये तो आहे, आणि ते साध्या कॉम्प्युटरवरही चालतं. मिळतो सहज, संपत मात्र नाही. पहिला भाग उत्साहात पार होतो, दुसऱ्यात दमछाक होते आणि तिसऱ्या-चौथ्या भागाच्या आसपास कंट्रोलर कपाटात जातो.

अशा वेळी जो तो एकच सल्ला देतो: खेळत राहा, बोटं चपळ होतील. हा सल्ला या खेळाच्या बाबतीत चुकीचा आहे असं माझं स्पष्ट मत आहे. कॅसलव्हेनियात बोटांच्या वेगाचा फारसा संबंध येत नाही. सायमन बेलमाँट हा त्याचा नायक मुळात चालतोच संथ. शत्रूही बहुतेक सावकाश येतात. खेळाडू मरतो तो हात हळू चालला म्हणून नाही, हात आधी चालला आणि विचार मागून आला म्हणून. या खेळात जवळजवळ प्रत्येक हालचाल एकदा सुरू झाली की मागे घेता येत नाही, त्यामुळे बटण दाबायच्या आधी निर्णय झालेला असावा लागतो. एवढं एक सूत्र पटलं की बाकीचं मार्गदर्शन त्यातूनच निघतं, म्हणून आधी ते पटवून देतो.

उडीपासून सुरुवात करू. मारिओ हवेत असताना त्याला थोडा मागे खेचता येतो, पुढे रेटता येतो. कॉन्ट्रातला सैनिक तर कोलांटी मारता मारता दिशा बदलतो. त्यामुळे या दोन खेळांत वाढलेल्या खेळाडूला सवय असते ती आधी उडायचं आणि कुठे उतरायचं ते हवेत बघायचं अशी. सायमनची उडी जमिनीवरच ठरते. जागच्या जागी मारलेली उडी सरळ वर जाते आणि तिथेच खाली येते. पुढे मारलेली उडी ठरलेल्या कमानीतून ठरलेल्या अंतरावरच उतरते, मग तिथे जमीन असो, पाणी असो नाहीतर एखादा सांगाडा. चाबकाचंही तसंच. बटण दाबल्यावर सायमन आधी हात मागे नेतो, मग फटका बसतो, आणि जमिनीवर असेल तर तेवढा वेळ त्याचे पाय थांबतात. जिन्यावर असताना उडी मारताच येत नाही. वरून जिन्यावर उडी टाकून पायरी पकडू म्हटलं तर पायरी पकडली जात नाही, सायमन तिच्यातून आरपार खाली जातो. आणि फटका बसला की तो स्वतःच मागे फेकला जातो, त्या वेळी खेळाडूच्या हातात काहीच नसतं. या खेळात खड्ड्यात पडून जे मृत्यू होतात त्यांतले बरेच असे असतात: मारणारं एखादं फालतू वटवाघूळ, त्याने घेतलेली शक्ती जेमतेम, पण मागे खड्डा.

कठीणपणा इथेच आहे, शत्रूंच्या संख्येत नाही, याला कोनामीनेच पुरावा ठेवला आहे. १९९१मध्ये सुपर निन्टेन्डोवर सुपर कॅसलव्हेनिया ४ आला. त्यात सायमनला हवेत दिशा बदलता येऊ लागली, चाबूक आठही दिशांना फिरू लागला. खेळ देखणा झाला, संगीत भरदार झालं, आणि तो पहिल्यापेक्षा कितीतरी सोपा झाला. शत्रूंची जात तीच होती, सांगाडे, वटवाघळं, मेड्यूसाची उडती मुंडकी सगळी तशीच. बदलली ती माघार घेण्याची मुभा.

यावर एक आक्षेप नेहमी येतो, आणि तो अगदीच पोकळ नाही. म्हणे, ही तंत्रातली उणीव आहे. त्या काळी नीट उडी बनवता आली नाही आणि आता आपण तिलाच गुण म्हणून मिरवतोय. पण मारिओ १९८५चा आहे, म्हणजे हवेत वळणारी उडी कॅसलव्हेनियाच्या आधीपासून सगळ्यांना ठाऊक होती. खुद्द कोनामीने १९८७मध्ये कॉन्ट्रात तीच दिली. शिवाय कॅपकॉमचा घोस्ट्स अँड गॉब्लिन्स, तोही १९८५चा, हवेत न वळणारी उडीच वापरतो, म्हणजे दोन्ही प्रकार समोर होते. मला जास्त पटणारी खूण मात्र खुद्द लेव्हलच्या रचनेत आहे. कॅसलव्हेनियातल्या फळ्या आणि खड्डे या उडीच्या मापाने बेतलेले आहेत. योग्य जागी उभं राहिलात तर उडी पुरते, अर्धं पाऊल चुकलात तर नाही. उडी चुकून तशी झाली असती तर बाकीचा किल्ला तिच्याभोवती इतका चपखल बसला नसता. जिन्यांच्या बाबतीत मात्र मी आक्षेप घेणाऱ्यांच्या बाजूने आहे. पायरीवरून आरपार पडण्यात मला कुठलंही शहाणपण दिसत नाही. ते निव्वळ जाचक आहे.

आता प्रत्यक्ष खेळाकडे. सगळ्यात उत्तम शाळा सुरुवातीलाच आहे आणि बहुतेक जण तिथून धावत निघून जातात. खेळ सुरू होतो तो किल्ल्याबाहेरच्या अंगणात. इथे एकही शत्रू नाही, फक्त पेटते दिवे आहेत. घड्याळ चालू असतं, पण दहा-वीस सेकंद गेल्याने काही बिघडत नाही. इथे दोन गोष्टी मोजून घ्या. पहिली, उडी किती लांब जाते. एखाद्या दिव्याच्या बरोबर खाली उभे राहा, पुढे उडी मारा आणि पुढच्या दिव्याच्या हिशेबात कुठे उतरलात ते बघा. दुसरी, चाबकाचं टोक कुठवर पोचतं. दिव्यांतून चाबूक वाढवणारी चीज मिळते. पहिल्या वेळी साधा चाबूक जाऊन साखळीचा येतो, दुसऱ्या वेळी तो आणखी लांब होतो. लांबी बदलली की उभं राहायची जागाही बदलते हे विसरू नका. शत्रूला चाबकाच्या टोकाने मारायची सवय लावा. तो पायाशी आल्यावर मारणारा खेळाडू फटका उगारण्यातला वेळ विसरलेला असतो. फाटकातून आत गेल्यावर दालनात काळे बिबटे बसलेले दिसतील. ते तुम्ही ठरावीक अंतरात आलात की झेपावतात. म्हणजे केव्हा झेपावायचं हे तुमच्या पावलावर अवलंबून आहे. थांबा, चाबूक कधी उगारायचा ते ठरवा, मग एक पाऊल पुढे टाका. पहिल्या मिनिटात खेळाने शिकवलेला हा धडा शेवटच्या भागापर्यंत कामी येतो.

शस्त्रांच्या बाबतीत नवे खेळाडू सर्वांत जास्त नुकसान करून घेतात, म्हणून इथे जरा थांबतो. दिव्यांतून आणि मेणबत्त्यांतून पडणारे बदाम बघून वाटतं, यांनी शक्ती भरते. तसं होत नाही. बदाम म्हणजे दुसऱ्या शस्त्राचा दारूगोळा. शक्ती भरते ती भिंतींत लपवलेल्या भाजलेल्या मांसाने आणि प्रत्येक भागाच्या शेवटी बॉस मेल्यावर मिळणाऱ्या गोळ्याने. दुसरी शस्त्रं पाच: सुरी, कुऱ्हाड, होली वॉटरची कुपी, फिरून परत येणारा क्रॉस आणि वेळ थांबवणारं घड्याळ. घड्याळाला एका वापराला पाच बदाम लागतात, बाकीच्यांना एक. सुरी सगळ्यांत कुचकामी आहे, आणि गोम अशी की ती नको असताना हातात येते. जमिनीवर पडलेल्या शस्त्राला नुसता पाय लागला की आधीचं शस्त्र जातं. होली वॉटर घेऊन चाललेला खेळाडू हौसेने वाटेतली प्रत्येक मेणबत्ती फोडतो, सुरी पायाशी पडते, आणि पुढच्या बॉसपाशी पोचल्यावर तो कपाळ बडवतो. कोणत्या मेणबत्तीत काय आहे ते ठरलेलं असतं. एकदा सुरी निघाली की ती मेणबत्ती लक्षात ठेवा आणि पुढच्या वेळी तिला हात लावू नका. शस्त्र फेकायला वरचं बटण दाबून चाबकाचं बटण दाबावं लागतं. जिना चढायलाही वरचंच बटण, त्यामुळे जिन्यावर चाबूक मारायला जाल आणि भलतंच शस्त्र फेकलं जाऊन बदाम वाया जातील. जिन्यावर फटका मारायच्या आधी वरच्या बटणावरचा अंगठा उचला.

होली वॉटरबद्दल थोडं अधिक सांगायला हवं, कारण या खेळात नवशिक्याला त्याच्याइतकी मदत दुसरं कोणी करत नाही. कुपी जवळच जमिनीवर फुटते आणि तिथे ज्वाळा उठतात. त्या ज्वाळेत सापडलेला शत्रू नुसता भाजत नाही, जागच्या जागी अडकतो. बॉससुद्धा. हे शस्त्र खेळाच्या मूळ नियमाला उलटं फिरवतं, म्हणून इतकं मोलाचं. एरवी माघार नसते ती तुम्हाला, इथे ती शत्रूला नाही. दुसऱ्या भागातली मेड्यूसा आणि चौथ्यातला फ्रँकेन्स्टाइनचा राक्षस यांच्याकडे होली वॉटर आणि पुरेसे बदाम घेऊन गेलात तर लढाई फार लांबत नाही. राक्षसाबरोबर उड्या मारणारा कुबडा मरत नाही, फक्त थोडा वेळ गप्प होतो. त्याला मारत बसण्यात वेळ घालवू नका. पहिल्या भागातल्या अजस्र वटवाघळासाठी मात्र वर जाणारी कुऱ्हाड जास्त सोयीची, कारण ते जमिनीवर फारसं येतच नाही. तिसऱ्या भागातल्या दोन ममींबद्दल एवढंच सांगतो की दोघींच्या मध्ये सापडू नका.

खेळाडूंना खरा घाम फुटतो तो मेड्यूसाच्या मुंडक्यांनी. ती दुसऱ्या भागात पहिल्यांदा भेटतात. एक गेलं की दुसरं येतं, संपतच नाहीत. पण त्यांचा मार्ग बघा. प्रत्येक मुंडकं लाटेसारखं वरखाली होत सरळ पुढे जातं, ते तुमचा पाठलाग करत नाही. त्यामुळे प्रत्येक मुंडकं मारायचं हा हट्ट निरर्थक आहे. शिवाय ती कितीही मारलीत तरी कमी होत नाहीत. करायचं ते असं. खड्ड्याच्या काठापासून थोडं अलीकडे थांबा. एक मुंडकं येऊ द्या. ते वरच्या टोकाला असेल तर डोक्यावरून जाऊ द्या, खाली येत असेल तर चाबकाने पाडा. ते गेलं की लगेच उडी मारा, पुढचं यायच्या आत. येणारं मुंडकं बघत बघत मारलेली उडी जवळपास नेहमी आपटते, कारण तुमची कमान ठरलेली, त्याची लाट ठरलेली, आणि दोन ठरलेल्या गोष्टी कुठे गाठ घेणार हे हवेत गेल्यावर बदलता येत नाही. जिथे खड्डा नाही तिथे फटका खाल्ला तर एवढं बिघडत नाही. जिन्यावर तर फटका बसल्यावर सायमन मागे फेकलाही जात नाही, म्हणून मुंडक्यांच्या पट्ट्यात जिना असेल तर एखादा फटका सोसून सरळ चढून जाणं बरेचदा फायद्याचं ठरतं.

सोसण्याचा हा हिशेब मात्र सगळीकडे सारखा नाही. शक्तीची पट्टी १६ घरांची आहे. पहिल्या दोन भागांत एका फटक्याला दोन घरं जातात, तिसऱ्या-चौथ्यात तीन, शेवटच्या दोन भागांत चार. म्हणजे सुरुवातीला आठ फटक्यांत मरणारा सायमन शेवटी चौथ्या फटक्याला मरतो. पट्टी तशीच दिसते, त्यामुळे खेळाडूच्या हे लक्षात येत नाही आणि पहिल्या भागातल्या सवयीने तो अंगावर घेत राहतो. पाचव्या भागात अचानक सगळं अवघड का झालं असं ज्यांना वाटतं, त्यांना याच आकड्यांत उत्तर मिळेल.

पाचव्या भागाच्या शेवटी, १५व्या लेव्हलमध्ये, साक्षात मृत्यूच्या दालनाआधी एक लांब बोळ आहे. जुन्या खेळांतल्या कुप्रसिद्ध जागांची यादी केली तर ही जागा हमखास येते. चिलखत घातलेले योद्धे समोरून कुऱ्हाडी फेकतात, काही वरून, काही खालून, आणि त्याच वेळी मेड्यूसाची मुंडकी चालूच असतात. इथे वेगाने सुटणारा खेळाडू पहिल्या योद्ध्यापाशीच संपतो. हा बोळ दोन पडदे आधी जिंकावा लागतो. होली वॉटर हातात आहे का, बदाम भरपूर आहेत का, पट्टी पूर्ण आहे का, चाबूक पूर्ण लांबीचा आहे का? यांतलं एक जरी नसेल तर तो प्रयत्न फक्त बघण्यासाठी वापरा. सगळं असेल तर योद्ध्याच्या पायाशी कुपी टाका. ज्वाळांत तो अडकला की कुऱ्हाड येत नाही. तेवढ्यात दुसरी कुपी टाका, मधे आलेलं मुंडकं चाबकाने पाडा आणि तो कोसळेपर्यंत जागा सोडू नका. योद्धा अजून उभा असताना त्याच्या डोक्यावरून उडी मारून जायचा मोह होतो, तो आवरा. उतराल तिथे पाठीमागे कुऱ्हाड आणि समोर मुंडकं असतं. सगळे योद्धे पार झाले की मृत्यूच्या दालनात शिरताना बदाम शिल्लक असायला हवेत, कारण तिथे लहान लहान विळे हवेत कुठेही उगवतात आणि तुमच्याकडे सरकतात. ते मोजत बसलात तर हरलात. मृत्यूला क्रॉसने किंवा होली वॉटरने जितक्या लवकर संपवाल तितके विळे कमी.

यावर दुसरा आक्षेप येतो, आणि तो पहिल्यापेक्षा वजनदार आहे. मेणबत्त्या पाठ, बिबटे पाठ, बोळ पाठ, म्हणजे ही घोकंपट्टीच झाली. त्यात खेळ कुठे राहिला? आधी विळ्यांचंच उदाहरण घ्या. ते कुठे उगवतील हे पाठ करता येत नाही. उड्या मारणारे बुटके कुबडे कुठे उडी घेतील हेही सांगता येत नाही. ड्रॅक्युला दालनात कुठे प्रकट होईल तेही नाही. म्हणजे खेळात न ठरलेल्या गोष्टी आहेत, आणि नेमक्या त्याच वेळी पाठ असलेल्या गोष्टींचा उपयोग होतो. भाजी चिरताना सुरीकडे बघावं न लागणारी बाईच स्वयंपाकघरात दुसऱ्या चार गोष्टींवर लक्ष ठेवू शकते. उडीचं अंतर, चाबकाचं टोक आणि मेणबत्त्यांची जागा डोक्यातून गेल्यावरच कुबड्याकडे बघायला डोकं मोकळं राहतं. आणि घोकलेल्या गोष्टी नुसत्या पुन्हा ओकून चालत नाही. चाबूक लांब की आखूड, पट्टीत किती घरं, हातात कोणतं शस्त्र, यांवर त्याच जागेचं उत्तर दर वेळी वेगळं येतं. कुबड्यांसाठी ठोकताळा सांगायचा तर त्यांच्या मागे धावू नका. खाली बसा, तो जमिनीला टेकला की फटका मारा. तो हवेत असताना तुम्हीही हवेत जाऊ नका.

तिसरा प्रश्न सेव्ह स्टेटचा. आजच्या कलेक्शनमध्ये हव्या त्या क्षणी खेळ साठवून ठेवता येतो, आणि शुद्धतावादी मंडळी त्याला चीटिंग म्हणतात. मला त्यांचं म्हणणं पटत नाही. मूळ जपानी डिस्कवर प्रगती साठवायची सोय होतीच. १९९३मध्ये हाच खेळ जपानमध्ये कॅसेटवर पुन्हा निघाला तेव्हा त्यात सोपी पातळीही दिली गेली. ज्यांनी खेळ बनवला त्यांनीच सवलती दिल्या असतील तर आपण त्यांच्यापेक्षा कडक होण्यात अर्थ नाही. तरीही सेव्ह कुठे करायचं याचा विचार हवा. प्रत्येक उडीनंतर सेव्ह करणारा खेळाडू पुढे सरकतो, पण कसा? पट्टीत एक घर, हातात सुरी, बदाम तीन, आणि समोर १५व्या लेव्हलचा बोळ. तो वाईट परिस्थिती जपून ठेवत गेलेला असतो आणि आता तिथून मागे यायचा रस्ता त्यानेच बंद केलेला असतो. म्हणून सेव्ह करायचं ते अवघड जागेच्या आधी, तयारी पूर्ण असताना, आणि मग ती जागा सलग खेळायची. सेव्ह स्टेटचा खरा फायदा असा की बोळापर्यंत पोचण्यात जाणारा वेळ वाचतो. अमेरिकेतल्या कॅसेटवर ही सोय नव्हती, पण कितीही वेळा कंटिन्यू करता येत होतं आणि चालू भागाच्या सुरुवातीपासून खेळ पुन्हा सुरू होई. तेवढं पुरेसं होतं, आजही आहे. कॉन्ट्रातल्या ३० लाइफच्या कोडची आठवण काढून इथेही तसं काही शोधत बसू नका. ज्या खेळात कंटिन्यूला मर्यादाच नाही, तिथे लाइफचा आकडा वाढवून मिळणार काय?

चाळिशी उलटलेले वाचक विचारतात, आता हात पूर्वीसारखा चालत नाही, मग याच्या नादी लागावं का? वर सांगितलेलं सगळं याचंच उत्तर आहे. फार चपळाईची गरजच नसलेला हा खेळ आहे, उलट पंधरा वर्षांच्या मुलाचा उतावळेपणा इथे जास्त नडतो. मात्र एक गोष्ट तपासून घ्या, ती वयाशी नाही तर टीव्हीशी संबंधित आहे. हे खेळ जुन्या काचेच्या नळीच्या टीव्हीसाठी बनले, त्यात बटण दाबणं आणि पडद्यावर हालचाल दिसणं यांत जाणवण्याजोगं अंतर नसे. आजचे सपाट टीव्ही चित्र सुधारण्यासाठी थोडा वेळ घेतात, आणि चाबूक उगारायचा वेळ त्यात मिळाला की हिशेब चुकतो. टीव्हीच्या सेटिंगमध्ये गेम मोड असतो, तो चालू करा. कंट्रोलरवर दिशेसाठी गोल दांडी न वापरता अधिक-चिन्हाचं बटण वापरा. दांडी तिरकी झाली की सायमन नको तिथे वाकतो, नाहीतर जिन्याऐवजी भलतीकडे जातो.

शेवटचा भाग प्रचंड वटवाघळांच्या पुलाने सुरू होतो, मग घड्याळाच्या मनोऱ्यात गरुड कुबड्यांना आणून टाकतात, आणि त्यानंतर एक जिना ड्रॅक्युलाकडे जातो. ड्रॅक्युलासमोर मेलात तर पुन्हा त्या जिन्यापाशीच जिवंत होता, हातात साधा चाबूक आणि पाच बदाम. निराश होऊन ती लाइफ फुकट घालवू नका. ड्रॅक्युलाचं पहिलं रूप शिकायला ती पुरेशी आहे. तो प्रकट होतो, झगा उघडतो, तीन आगीचे गोळे सोडतो, नाहीसा होतो. फटका फक्त डोक्याला लागतो. मध्यम अंतर ठेवा, गोळ्यांवरून जाणारी उडी आणि डोक्यावरचा चाबूक एकाच उडीत बसवा. तो अगदी अंगावर उगवला तर घाईने फटका मारू नका, मागे सरा आणि ती फेरी सोडून द्या. चार फटक्यांत मरणाऱ्या माणसाला एक फेरी सोडणं परवडतं. पहिलं रूप सहज जाऊ लागलं की मग पूर्ण तयारीनिशी भागाच्या सुरुवातीपासून या, आणि दुसऱ्या, उड्या मारणाऱ्या राक्षसी रूपासाठी होली वॉटर राखून ठेवा. तेही ज्वाळेत अडकतं. किल्ला कोसळल्यावर श्रेयनामावली येते, तीत ख्रिस्तोफर बी, बोरिस कार्लोफिस अशी जुन्या भयपटांतल्या नटांची मोडतोड केलेली नावं आहेत, ती वाचायला विसरू नका. त्यानंतर खेळ पुन्हा पहिल्या लेव्हलला सुरू होतो, आधीपेक्षा कठीण होऊन. त्या दुसऱ्या फेरीत शिरायचं असेल तर पहिल्या भागातसुद्धा पट्टी जपून खेळा.